गांधीलमाशीचं बारसं

परशुराम पाटलांनी सकाळी नऊ वाजता नाक्यावर फ्लेक्स लावला आणि दुपारपर्यंत त्यांना झक मारली नि लावला असं झालं.

फ्लेक्स चांगला पंधरा बाय दहाचा होता. डावीकडे काळा चष्मा लावलेले परशुरामशेठ, उजवीकडे गांधीलमाशी. खरी माशी तिळाएवढी, पण फ्लेक्सवर पार म्हशीएवढी झाली होती. खाली मजकूर, 'कोलशेतचे भूषण मा. परशुरामशेठ पाटील यांचे नाव नवीन माशीस मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : परशुराम पाटील मित्रमंडळ.' म्हणजे आपणच आपलं अभिनंदन केलेलं. पण आपल्याकडे दुसऱ्याच्या कौतुकाची वाट बघत बसतो कोण?

हे सगळं सुरू झालं ऋजुतामुळे. डोंबिवलीची ही पोरगी किड्यांवर पीएच.डी. करत होती आणि दोन वर्षं पाटलांच्या घरामागच्या वाडीत जाळी घेऊन फिरत होती. तिथे तिला जगात कुणीच नोंदवली नव्हती अशी माशी सापडली.

"काका, तुमच्या जागेत सापडली, तर तुमचंच शास्त्रीय नाव देते," ती म्हणाली होती. "एकदा छापलं की ते कुणालाही, कधीही बदलता येत नाही. फक्त छापून येईपर्यंत कुणाला सांगू नका हं."

पाटलांनी यातलं 'बदलता येत नाही' एवढंच ऐकलं. त्यांचा चुलत भाऊ देवराम याच्या बापाच्या नावाने कोलशेतात चौक होता. त्या पाटीखालून जाताना अकरा वर्षं पाटलांच्या पोटात दुखत होतं. चौकाचं काय, उद्या रस्ता रुंद झाला की गेला! माशी मात्र सूर्यचंद्र असेपर्यंत आपली.

पहिला खडा टाकला रिक्षावाल्या कमलेशने. फ्लेक्सवर माशीखाली ठळक अक्षरांत 'परशुरामी' लिहिलं होतं. ते वाचून तो म्हणाला, "शेठ, ही परशुरामी कोन? आपल्या वयनी का?"

पाटलांनी ऋजुताला फोन लावला. ती आधीच निघाली होती, कारण फ्लेक्सचा फोटो तिच्यापर्यंत पोचला होता. तीन वाजता लॅपटॉप छातीशी धरून ती धापा टाकत ओटीवर आली.

"काका, मी सांगितलेलं ना, बोलू नका म्हणून! पाच वाजेपर्यंत मला जर्नलला पेपरची शेवटची प्रत पाठवायचीय. आज चुकलं तर पुढचा अंक थेट सहा महिन्यांनी. तोवर दुसऱ्या कुणी हीच माशी छापली, तर माझी दोन वर्षं पाण्यात."

"ते राहू दे. पैला मना सांग, मी बाईमानूस हाय का? परशुरामी कशाला?"

"लॅटिनचा नियम आहे. पुरुषाच्या नावापुढे ई लागते."

"पुरुषाला ई? मग बाईला काय, मिशी?"

ऋजुता काही बोलणार, तेवढ्यात पाटलांचा मोबाईल किणकिणला. 'पाटील परिवार' ग्रुपवर देवरामचा निरोप होता. 'ही माशी दुसऱ्याच्या अंगात अंडी घालते. पोरं त्याला आतनं खातात. दादाचं नाव बरोब्बर शोभतं. त्याच्या पोराची, हर्षितची जिम सात वर्षं माझ्याच गाळ्यात फुकट हाय.' खाली सतरा जणांनी हसून घेतलं होतं.

"पोरी, हे खरं का?"

"म्हणजे, अळीच्या अंगात घालते," ऋजुता चाचरली. "पण काका, तिच्यामुळेच भाजी वाचते..."

आतून पाटलीणबाई, म्हणजे बायजा, फिसकन हसल्या. पाटील आणखीच भडकले.

"काढ माझं नाव! देवरामचं लाव! त्यालाच खाऊ दे आतनं!"

"अहो काका, नाव मान म्हणून देतात, सूड म्हणून नाही."

मजा बघायला आलेला देवराम नेमका तेव्हाच दारात उभा. "माझं नाव? आन् ते कवाच बदलत नाय?"

"कधीच नाही," ऋजुता म्हणाली.

"मग लाव की! चौक बापाचा, माशी माझी. अंडी घालू दे नायतर पिल्लं."

"माझ्या जागेतली माशी, आन् नाव तुझं?"

"आत्ता तूच दिली ना!"

"मी शिवी दिली रे, माशी नाय दिली!"

झालं! दोघा भावांची अशी जुंपली की शेजारच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. साडेचार वाजले. ऋजुताच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

तेव्हा बायजा पदराला हात पुसत बाहेर आल्या. "पोरी, ती अळी तुला कोनी दाखवली?"

"तुम्हीच, काकू. भेंडीवरची. पाठीवर तांदळाच्या दाण्यासारखे कोष होते."

"हे बोललेले, चिरड. मी डबीत भरून ठेवली तुझ्यासाठी. आन् मगाशी ते राहिलंच. बाईच्या नावाला काय लागतं?"

"ए लागतो," ऋजुता म्हणाली, आणि तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "बायजाए!"

"हात्तिच्या!" पाटील ओरडले. "चाळीस वर्षं मी हिला असंच तर बोलवतो. बायजा, ए!"

"आता सगलं जग बोलवंल," बायजा म्हणाल्या. त्यांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, दारावरच्या पाटीवर नव्हतं, गॅसच्या पुस्तकावरही नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी ओटीवरचं कोरडंच टेबल पदराने पुसलं.

भावांनी एकमेकांकडे बघितलं. नाव परशुरामचं झालं नाही यात देवरामला समाधान, आणि देवरामचं झालं नाही यात परशुरामला. हरकत घ्यायला कुणीच उरलं नाही.

पाचाला पाच कमी असताना ऋजुताने नवं नाव टाकून प्रत पाठवायला सुरुवात केली. नेट रांगत होतं. बायजा खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. भांडून भांडून पाटलांच्या घशाला कोरड पडली होती.

"बायजा, ए..." सवयीने तोंडातून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. जरा खाकरून ते म्हणाले, "बायजाबाई, थोडा चा टाकता का?"

पडद्यावरची नजर न काढता बायजा म्हणाल्या, "थांबा जरा. आमचा पेपर चाललाय."