उन्हाच्या कचेरीची सावली

एका जंगलात, मुलांनो, ऊन फुकट मिळत असे. त्यामुळे त्याच्याकडे कोणी लक्ष देत नसे.

सिंहमहाराजांना हे खटकलं. त्यांनी दंतेराव हत्तीला बोलावून नवं नगर आखायला सांगितलं. दंतेराव शिकलेले. "घराघरात ऊन गेलं की रोगराई जाईल," ते म्हणाले. मग सगळी बिळं पूर्वेला तोंड करून पुन्हा खणली. झाडं उन्हाच्या आड येत होती, ती तोडली. आणि उन्हाचं नीट वाटप व्हावं म्हणून नदीकाठी उंचच उंच कचेरी बांधली.

कचेरीची सावली पडली ती थेट नदीकाठच्या वाळूवर. तिथे यमुनाक्का कासवीण अंडी पुरून बसली होती. तिनं वाळूला हात लावून पाहिला. ती तशीच कचेरीत गेली. कासवाच्या चालीनं, पण गेली.

"दंतेराव, माझी वाळू गार पडली हो."

"कसं शक्य आहे, आक्का? नकाशात तिथे दिवसभर ऊन आहे."

खरंच होतं. नकाशाच्या कोपऱ्यात सूर्य काढला होता. तुम्ही काढता ना, तसाच, नाकडोळ्यांसकट. तो जागचा हलत नव्हता.

"अहो, आमच्यात उबदार वाळूत मुली होतात, गार वाळूत नुसते मुलगे," आक्का म्हणाली. "अंडी घालायला वाळूवर परत येतात त्या मुलीच. मुलगे पाण्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. मला मुलगी हवी हो, एक तरी!"

दंतेरावांनी सोंड खाली ठेवली.

"नुसते मुलगे? नक्की?"

"नक्की."

"मग हे आधी नाही का सांगायचं!"

अंडी फुटली. सगळे मुलगे. कचेरीसमोर ताशा वाजला. महाराजांनी दंतेरावांना शाल दिली आणि कचेरीवर आणखी दोन मजले मंजूर केले. दूरदूरच्या कासविणी सावलीत जागा मिळावी म्हणून रांगा लावू लागल्या. ज्यानं त्यानं आक्काला पेढा भरवला. आक्का रडत होती. आनंदाश्रू आहेत, असं सगळ्यांचं मत पडलं.

पुढे म्हाताऱ्या कासविणी एकेक करून गेल्या. आता त्या वाळूवर कोणी येत नाही. नदीत काही म्हातारे कासव आहेत, ते एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. कचेरी मात्र रोज वेळेवर उघडते.

तात्पर्य : योजना फसली तर खचून जाऊ नये. मुलगे झाले, असं सांगून पेढे वाटावेत.