भाऊंचा अर्थ

आमच्या गिरगावातल्या चाळीत भाऊ करमरकर रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून जुनी इंग्रजी कादंबरी मोठ्यांदा वाचतात आणि तिची पार वाट लावतात. "अर्थ उघड आहे," हे त्यांचं पालुपद. ते म्हटलं की पुढे अनर्थ ठरलेला.

परवा कादंबरीतल्या एका उमरावाने कुणा बाईंच्या दारात उभं राहून आत कार्ड पाठवलं. भाऊ म्हणाले, "अर्थ उघड आहे. रेशनकार्ड. त्याशिवाय घरात कोण घेणार?"

आतून माईंचा आवाज आला. "नावाचं... कार्ड. भेटायला... आलोय म्हणून."

"असं होय?" म्हणत भाऊंनी पान उलटलं.

माई म्हणजे भाऊंची बायको. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, बोलत राहिल्या तर सुधारेल, नाहीतर आहे तेही जाईल. पण ज्यांच्यापुढे उच्चार करताना मुली चळाचळा कापायच्या, त्या माई आपलं अडखळणं कुणाला कशाला ऐकवतील? त्यांनी तोंडच मिटलं. फक्त चुकीचा अर्थ कानावर पडला की त्यांना राहवत नाही.

एकदा मी गॅलरीत दात घासत होतो. भाऊंनी वाचलं, "शी वॉज नॉट ॲट होम टु एनीबडी. अर्थ उघड आहे. बाई गावाला गेल्या."

मी पटकन म्हणालो, "अहो भाऊ, घरातच आहेत त्या. कुणाला भेटायचं नाहीये, एवढंच."

आतून काहीच आलं नाही. भाऊंनी पुस्तक मिटलं आणि मला जिन्यापर्यंत नेलं.

"तुला कोणी विचारलं होतं? अर्थ मला येतात रे. लग्न झाल्यापासून हीच पुस्तकं तिच्याशी भांडत वाचली मी. तू सांगितलास की तिचं एक वाक्य जातं."

मी ओशाळलो. दुपारी भाऊ भाजी आणायला गेले होते, तेव्हा माईंना पेपर द्यायला गेलो. त्यांनी खुणेने जवळ बसवलं.

"त्यांना... सगळं येतं. मला... माहितेय."

"मग कशाला दमता, माई?"

"मी बोलले की... त्यांचा चेहरा... बघ एकदा."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी एक भलाथोरला अनर्थ केला. आतून सावकाश दुरुस्ती सुरू झाली. मी भाऊंकडे बघितलं. ते डोळे मिटून, माईंचा प्रत्येक शब्द त्यांच्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणत होते.