प्रभाकररावांच्या डोक्यातली सळई

सेलूच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या प्रभाकररावांच्या कपाळावर शुक्रवारी सकाळी माळ्यावरून पडद्याचा पाइप घसरला आणि सुपारीएवढं टेंगूळ आलं. पाइप अ‍ॅल्युमिनियमचा, आतून पोकळ. कपाळापेक्षा त्यालाच जास्त पोचा आला होता, म्हणून प्रभाकररावांनी आधी पाइप तपासला, मग कपाळ. मग ते गिऱ्हाइकावर ओरडले, माळ्यावर ओरडले आणि हळद लावायला घरी आले. इथपर्यंत सगळं रोजच्यासारखंच होतं.

घोर होता तो रविवारचा. सिंदी मेघेचे वासुदेवराव आपल्या योगेंद्रसाठी रक्षाला पाहायला येणार होते. आधीची दोन स्थळं प्रभाकररावांचं तोंड ऐकून चहा अर्धा ठेवून उठली होती. ती गेल्याचं रक्षाला काही वाटलं नव्हतं. पण योगेंद्रचा फोटो तिने उशीखाली ठेवला होता, आणि लेकीच्या उशीखालचं बापाला कळलं होतं.

"टेंगूळ घेऊन बसान पाव्हन्याईसमोर?" सुमित्राबाईंनी हळदीचा हात जरा जोरातच दाबला.

सून मयुरी वर्ध्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. ती सासूला धीर द्यायला म्हणाली, "आई, एवढ्याशा टेंगळाचं काय घेऊन बसल्या? अमेरिकेत फिनियस गेज नावाचा एक रेल्वेचा मुकादम होता, पावणेदोनशे वर्षांपूर्वी. सुरुंग उडाला आणि लोखंडी सळई गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. तरी जगला."

"अगं माय! मंग काईच नाई झालं त्याले?"

"स्वभाव बदलला म्हणतात. चांगला शांत माणूस शिव्या द्यायला लागला."

आता त्या आळीची एक रीत होती. दुखणाइताला भेटायला आलेल्याला हकिकत पहिल्यापासून सांगायची, आणि ती दुखणाइताने नाही, घरच्या बाईने सांगायची. दुखणाइताने फक्त कण्हायचं. सुमित्राबाईंनी शेजारच्या मनकर्णाबाईंना चहाबरोबर सांगितलं, तेव्हा पाइप वेगळा होता आणि अमेरिकेतली सळई वेगळी. पुढच्या चहाला सांगता सांगता घाई झाली नि अमेरिका गळाली. दुपारी मनकर्णाबाईंनी स्वतःच्या घरी चहा मांडला, तेव्हा पाइपही गळाला. संध्याकाळी बंडूजी टेलर भेटायला आले ते थेट प्रभाकररावांच्या मागे जाऊन उभे राहिले.

"काय पाहून राह्यले, बंडूजी?"

"निंगाली कुठून ते पाहून राह्यलो."

"अबे, काय निंगाली?"

"सळई."

"पडद्याचा पाइप होता तो! डोकं फिरलं काय तुमचं?" प्रभाकरराव असे ओरडले की अंगणातली मांजर भिंत चढली.

बंडूजींनी डोळे पुसले. "पाहा बाप्पा. किती गरीब मानूस होता. गाय होता गाय."

तीस वर्षं अख्खा बाजार ज्यांच्या आवाजाने शटर उघडायचा, ते प्रभाकरराव एका संध्याकाळीत गाय झाले. बरं, ज्या बंडूजींना, कात्री नुसती हाताळली म्हणून, प्रभाकररावांनी दुकानाबाहेर काढलं होतं, त्यांनीच ही साक्ष दिली.

प्रभाकरराव व्यवहारी माणूस. ओरडलं की रोग पक्का होतो हे त्यांनी ताडलं. शनिवारी मनकर्णाबाई आल्या तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "या ना ताई, बसा. गुडघा कसा आहे तुमचा?"

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. "देवा रे! हा आपला प्रभाकरराव नाईच!"

मयुरीने मनकर्णाबाईंना गाठून सगळं समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि बाहेर जाऊन सांगितलं, "सून प्रोफेसर आहे. तेही सळईच म्हनते."

रविवारी वासुदेवराव सपत्नीक आले. ना कडू ना गोड, नुसतं मधलं बोलायचं, असं ठरवून प्रभाकरराव टोपी कपाळावर ओढून बसले. चहात साखर पडायची राहिली होती. त्यांनी तो मुकाट प्यायला. सुमित्राबाईंना ते बघून स्वतःलाच संशय आला.

वासुदेवरावांची नजर टोपीवरून हलेना. शेवटी ते पुढे सरकले. "इचारू का एक? सळई किती लांब होती?"

सुमित्राबाईंच्या हातातला चिवड्याचा डबा थांबला. मयुरी घाईने म्हणाली, "काका, त्याचं काय झालं—"

"थांब बेटा. खरं सांगतो, प्रभाकरराव. आमी येनारच नोतो. मानूस विंचू आहे म्हनून जो तो सांगे. घरात म्हटलं, अशा घरची सोयरीक नोको. मंग काल सेलूचाच एक जन भेटला. म्हने, सळईनं सगळा राग संग नेला. म्हटलं, पाहून तं येऊ. अन् तुमी तं बिनसाखरेचा चहा पिऊन राह्यले!"

प्रभाकररावांनी दाराकडे पाहिलं. पडद्याच्या फटीतून रक्षाचा एक डोळा दिसत होता. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात वीतभर अंतरावर धरले. सुमित्राबाई खाकरल्या. हात हातभर झाले.

"आरपार?" वासुदेवरावांनी विचारलं.

"आरपार," प्रभाकरराव म्हणाले.

पाहुणे तारीख काढायचं बोलूनच उठले. मयुरी मात्र फुरंगटून बसली. "बाबा, हे बरोबर नाही. त्या गेजचंसुद्धा लोकांनी असंच केलं. पुढे तो कितीतरी वर्षं घोडागाडी हाकत होता, नीट कामधंदा करत होता. तेवढं कुणी सांगत नाही."

"म्हंजे तो पुन्हा पयल्यासारखा झाला?"

"बराचसा, असं आता म्हणतात."

"मंग हे लग्न होईपर्यंत कोनाले सांगू नोको!" प्रभाकररावांचा आवाज चढत चालला. "सळईचा गुण उतरते म्हनून समजलं तं वासुदेवराव उद्याच्या उद्या—"

फाटक वाजलं. मनकर्णाबाई होत्या. "पाव्हने काय म्हनले?"

प्रभाकररावांनी वाक्य तसंच गिळलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"या ताई, बसा. पयल्यापासून सांगतो."

या खेपेला हकिकत त्यांनी स्वतः सांगितली, आणि हात सुरुवातीपासूनच पुरते पसरून.