वॉर्निशचा तिसरा हात

"बाक तू बनवणार? तुला जमेल का?" विश्वजीतने विचारलं, आणि तिथेच तो बाक बनवायचं पक्कं झालं.

विश्वजीत वाईट नवरा नव्हता. काळजीपोटीच विचारायचा. पण अपेक्षा स्कूटर शिकली तेव्हा, नोकरी सोडून तिने कोथरूडमध्ये तळमजल्यावरच्या गाळ्यात फोटो स्टुडिओ काढला तेव्हा, आणि एकदा तर उकडीचे मोदक करायला बसली तेव्हाही त्याने हेच विचारलं होतं. दर वेळी तिने ती गोष्ट हट्टाने पुरी केली होती. मोदक फुटले, हे खरं. पण ते सगळे तिने एकटीने बसून संपवले आणि उत्तम झाले होते असं जाहीर केलं.

बाक लागणार होता वाघोलीच्या तुळजाबाईंसाठी. कुठल्याशा लग्नात अपेक्षाने काढलेला आपल्या विहिणीचा फोटो त्यांनी पाहिला, आणि विहिणीपेक्षा आपला चांगला यायला हवा म्हणून त्या रिक्षावाल्याशी वाद घालत एकट्याच स्टुडिओत येऊन थडकल्या. नऊवारी, कपाळभर कुंकू, आणि समोरच्याला बोलायची संधी न देणारा आवाज. त्यांची अडचण अशी होती की दत्तोबा आणि जयसिंग हे त्यांचे दोन्ही मुलगे एकमेकांशी बोलत नव्हते. शेतावर चार मजली इमारत उभी राहिली आणि तिच्या पाटीवर कुणाचं नाव वर घालायचं यावरून जे बिनसलं, ते बिनसलंच. पाटी अजून कोरी होती. दोघं एकाच इमारतीत राहत; पण दत्तोबा लिफ्टने जातात म्हणून जयसिंग जिना चढत असे.

याआधी तुळजाबाईंनी दोघांना एका फोटोवाल्याकडे नेलं होतं. तिथली एक खुर्ची उंच निघाली आणि एक बुटकी. बुटक्या खुर्चीवर बसायला दोघंही तयार नव्हते. फोटोवाल्याने दोन सारख्या खुर्च्या आणेपर्यंत दोघं दोन दिशांनी निघून गेले होते.

"एकाच फळीवर बसव दोघास्नी," तुळजाबाई म्हणाल्या. "कुनाचं बूड वर नको नि कुनाचं खाली नको. माझ्या डोळ्यादेखत एक फोटू हुंदे."

अपेक्षाने दुकानं पालथी घातली. मध्ये आई आणि दोन बाजूंना मुलगे असं ठरलेलं, तिन्ही माणसं अंगापिंडाने भरलेली, आणि दुकानातले बाक एक तर शाळेतल्या पोरांच्या मापाचे, नाहीतर बागेतले, नक्षीदार हातांचे. मग तिने टिंबर मार्केट गाठलं. तिथल्या नियाजभाईंनी, हवा तसा बाक आमचा सुतार करून देईल, असं अगदी अदबीने सुचवलं. अपेक्षाने तेवढ्याच अदबीने नकार दिला, जुन्या सागवानी फळ्या टेम्पोत घातल्या आणि स्टुडिओत आणून टाकल्या.

करवतीने तिला दोन दिवस दाद दिली नाही. पण पाय कापून झाले, जोडून झाले, आणि आश्चर्य म्हणजे चारही पाय जमिनीला टेकले. उरली होती बसायची फळी. वाकून कंबर धरली होती, म्हणून तिने फळी टेबलावर ठेवली, तिच्यावर पायांचा सांगाडा उलटा घातला, ड्रिल घेतलं आणि चांगले लांबलचक स्क्रू आरपार बसवले. मग विश्वजीतला बोलावून, धर म्हणाली, खाली उतरवू. दोघांनी जोर लावला. बाक उचलला गेला. त्याच्यासोबत टेबलही उचललं गेलं.

विश्वजीतने वाकून खाली पाहिलं. "टेबल बाकाला जोडायचं होतं का?"

"हो," अपेक्षा म्हणाली. "मजबुती बघत होते."

स्क्रू काढावे लागले आणि फळीवर भोकांची रांग उरली. भोकांत पुट्टी भरली, तर सागवानावर पांढरे ठिपके उठून दिसू लागले. ते झाकायला वॉर्निश आणलं. पहिल्या हाताने ठिपके झाकले नाहीत. दुसऱ्याने थोडे झाकले. विश्वजीतने इंटरनेटवर वाचून सांगितलं की दोन हात पुरेत, आणि एवढ्या दमट हवेत तिसरा दिला तर वाळणार नाही. हे त्याने सांगितलं नसतं तर ती कदाचित दोनवर थांबली असती. शनिवारी संध्याकाळी तिने तिसरा हात दिला, आणि तो असा सढळ दिला की डबा तळाला गेला.

रविवारी सकाळी बाक आरशासारखा चमकत होता. विश्वजीत बोट पुढे करून जवळ आला, तशी ती आडवी उभी राहिली. तिने स्वतः बाकाच्या पायाला हात लावून पाहिला होता. पाय खडखडीत वाळले होते. निदान वर चादर तरी घालू, असं तो म्हणाला. एवढ्या मेहनतीने केलेलं लाकूड चादरीखाली लपवायला ती मुळीच तयार नव्हती.

मंडळी दोन गाड्यांतून आली. दोघेही भाऊ पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या शर्ट-पँटमध्ये, दोन वेगळ्या भिंतींकडे बघत उभे. तुळजाबाईंनी बाकाला एक फेरी मारली, फळीवरून तळवा फिरवला आणि "झ्याक झालंय" म्हणाल्या. अपेक्षाने विश्वजीतकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

ठरल्याप्रमाणे आई मध्ये बसणार होती. पण तुळजाबाईंनी एकाएकी बेत बदलला. आपल्याला उठबस करायला कडेची जागा लागते, असं सांगून त्यांनी दोघा मुलांना शेजारी-शेजारी बसवलं, आपली शाल घडी करून टोकाला ठेवली आणि तिच्यावर बसल्या. फोटो निघाले. पण दोघांचे चेहरे असे, जणू चुकीच्या माणसाच्या मयताला आले होते.

अपेक्षाने पुरे म्हणून सांगितलं. कुणी उठलं नाही.

दत्तोबांनी उठायचा प्रयत्न केला होता. पँट आली नव्हती. त्यांनी शेजारी पाहिलं, तर जयसिंग ऐसपैस बसलेला. हा बसलाय आणि आपण आधी उठायचं? दत्तोबा मांडीवर हात ठेवून नीट बसले, आईला उद्देशून म्हणाले की मला काही घाई नाही. जयसिंगचीही नेमकी तीच गत झाली होती. त्यानेही आईलाच सांगितलं की मला तर संध्याकाळपर्यंत मोकळा वेळ आहे.

वॉर्निश वाळलं नव्हतं, हे अपेक्षाच्या लक्षात आलं. पण ते कबूल करायचं म्हणजे विश्वजीतसमोर करायचं. तिने चहा मागवला. चहा पिऊन झाला. तुळजाबाई तेवढ्यात उठल्या, शाल बाकालाच चिकटून राहिली, तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि समोरच्या स्टुलावर बसून त्या मुलांकडे नाटक बघावं तशा बघत राहिल्या. भाऊ घामाघूम झाले होते. जयसिंगने गुपचूप एकदा जोर लावला, तसा बाक त्याच्या बाजूने जरा उचलला गेला आणि जयसिंगच दत्तोबांच्या अंगावर कलला.

मग दत्तोबांनी समोरच्या भिंतीकडे बघत, अगदी हळू आवाजात विचारलं, "तुझी बी चिकटलीया का?"

"केव्हाच," जयसिंग म्हणाला. "मला वाटलं, तू हट्टाला पेटलाईस."

"मला वाटलं, तू."

आधी दत्तोबांचं पोट हललं. मग जयसिंगचं. मग दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून असे हसायला लागले की बाक करकरला, आणि अपेक्षाच्या हातांनी तिला न विचारताच कॅमेरा डोळ्याला लावला.

एकाने उठून उपयोग नव्हता. दोघांना एकदमच उठावं लागणार होतं. दत्तोबांनी एक, दोन, तीन म्हटलं. फर्रकन आवाज झाला. भाऊ सुटले, पँटींचा मागचा भाग बाकावर राहिला. गुंडाळायला स्टुडिओत पडद्याचं एकच राखाडी कापड होतं. ते दोघांनी मिळून कमरेभोवती घेतलं, आणि कापड एक म्हणून दोघांना पायात पाय अडकवत एकाच गाडीत बसावं लागलं. दुसरी गाडी दोन दिवस स्टुडिओच्या दारात उभी होती. विश्वजीत त्या गाडीकडे बघत काहीतरी बोलायला गेला. "बाक एवढं वजन घेऊनही मोडला नाही," अपेक्षा म्हणाली, "हे आधी बघ."

मनातून मात्र ती खचली होती. तुळजाबाई फोटो न्यायला आल्या तेव्हा तिने सगळ्यात आधी माफी मागितली. विश्वजीतसमोर मागितली, यावरून ती किती मनापासून होती ते कळावं.

तुळजाबाई हसणाऱ्या दोघांच्या, चौकटीत बसवलेल्या फोटोकडे बघत होत्या. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, जवळ घेतला, मग पदराने काच पुसली.

"माफी कशाची मागतीस? मला ठावं व्हतं की. हात लावून बघितला न्हवं का मी."

अपेक्षाने विचारलं, "मग आजी, बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू वाळू दिलं असतंस." त्यांनी फोटो पिशवीत नीट सरकवला, आणि जायला उठल्या त्या बाकापाशी थांबल्या. त्याच्यावरून पुन्हा एकदा तळवा फिरवला. आता तो पुरता वाळला होता. त्या जरा नाराज झाल्यासारख्या दिसल्या.

"किती हात दिलं व्हतंस याला?"

"तीन."

"दिवाळीच्या आधी माझ्या दोघी सुनांचा फोटू काढायचाय," तुळजाबाई म्हणाल्या. "त्यास्नी चार दे. त्या लई ताकदीच्या हायत."