चाळीस किलोमीटरचे चव्वेचाळीस

माझ्याइतकी बारीक नजर या गल्लीत दुसऱ्या कोणाला नाही. हे मी स्वतः सांगते, कारण दुसरं कोणी सांगायच्या आत गिऱ्हाईक येतं. शाळेत मी चौथीपर्यंत होते. पुढे शाळेने मला सोडलं की मी शाळेला, याबद्दल घरात दोन मतं आहेत आणि त्यातलं माझं बरोबर आहे. पण गुन्हे शोधायला शाळा लागत नाही, शिवणयंत्र लागतं. माणूस माप द्यायला उभा राहिला की पोट आत ओढतो, आणि तिथेच तो खोटं बोलायला लागलेला असतो. समोरच्या घरातल्या बाईचं लग्न जुळल्याचं तिच्या आईच्या आधी मला कळलं, ते तिने बिनकामाच्या दोन खिशांना झालर लावून मागितली तेव्हा. पोलिसांकडे गाड्या आहेत, कुत्रे आहेत, फोन आहेत. माझ्याकडे टेप, खडू आणि जीभ आहे. तरी निकाल कोणाचा लवकर लागतो, ते गल्लीत विचारा.

तर ही केस माझ्या नातीची, भिंगरीची. खरं नाव वेगळं आहे, पण ती चालायला लागली तेव्हापासून कोणी तिला उभी पाहिलेली नाही, म्हणून भिंगरी. ती सायकलींच्या शर्यतीच्या संघात होती. 'होती' म्हणते, कारण त्या संध्याकाळी ती घरात आली, सायकल भिंतीला टेकवली आणि माझ्या कापडाच्या गठ्ठ्यावर पालथी पडून रडायला लागली. चार मीटर अस्तर भिजलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"सर म्हणाले, मी खोटारडी आहे."

माझ्या हातातली कात्री मी खाली ठेवली. आमच्या घरात माणसं आळशी आहेत, घोरतात, एकजण तर तर्जनी ओली करून वर्तमानपत्राची पानं उलटतो. पण खोटारडं कोणी नाही.

भानगड अशी होती. सायकलीच्या मुठीवर ते एक इवलंसं यंत्र असतं ना, किती अंतर झालं ते आकड्यात दाखवणारं? सायकल कॉम्प्युटर म्हणतात. आम्ही मीटर म्हणतो, एवढ्याशा डबीला कॉम्प्युटर म्हणायला मला लाज वाटते. मुलींनी रोज एकेकटीने चाळीस किलोमीटर चालवायचे आणि मीटरवरचा आकडा सरांना कळवायचा. रविवारी सगळ्या मिळून एकाच रस्त्याने गेल्या. सगळ्यांच्या मीटरवर चाळीस आले, आणि आमच्या भिंगरीच्या मीटरवर चव्वेचाळीस.

"मग चार जास्तच चालवले की! शाबासकी द्यायची सोडून?"

"आजी, सगळ्या शेजारी शेजारी होतो! माझं मीटर जास्त दाखवतं. सर म्हणाले, म्हणजे रोज मी छत्तीसच चालवते आणि चाळीस सांगते. मीटरशी खेळ केलाय म्हणाले. शनिवारपर्यंत कोणी केला ते खरं सांगायचं. नाहीतर संघातून बाहेर."

"तू केलास?"

"नाही!"

मी तिच्या खांद्याकडे बघितलं. खोटं बोलणाऱ्याचा उजवा खांदा वर जातो, मापाला अर्ध्या बोटाचा फरक पडतो. तिचे दोन्ही खांदे सारखे होते. मुलगी निर्दोष. म्हणजे गुन्हेगार बाहेर मोकळा फिरत होता, आणि मी केस हातात घेतली. फी नाही. घरचं काम.

आधी मी वस्तू समजून घेतली. पुढच्या चाकाच्या एका स्पोकला छोटं लोहचुंबक लावलेलं. चाकाशेजारच्या दांड्यावर आणखी एक डबी. चाक एकदा फिरलं की चुंबक डबीसमोरून जातं आणि मीटर एक फेरी मोजतं. एका फेरीत चाक किती पुढे जातं, ते मीटरला आधी सांगून ठेवायचं, म्हणजे चाकाचा घेर. तो घेर मीटर आणलं त्या दिवशी मी स्वतः मोजून दिला होता. त्यामुळे ती बाजू तपासायची गरजच नव्हती. हुशार गुप्तहेर वेळ वाया घालवत नाही.

पहिला संशय माझ्या मनात लगेच आला आणि तो फार सुंदर होता. माझ्या मशीनशेजारी टाचण्या उचलायचं मोठं लोहचुंबक असतं, हातभर लांबून टाचणी ओढतं. सायकल रात्री त्याच भिंतीला. म्हणजे माझं दांडगं चुंबक त्या बारक्या चुंबकाला भरीस घालत असणार, एकाच्या जागी दोन मोजायला लावत असणार. मी सायकल पार स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी भिंगरी आली.

"आजी, तसंच दाखवतंय."

"स्वयंपाकघरात काही लोखंडी असेल."

"आई म्हणते, स्वयंपाकघरात सायकल असली की तिला गॅसपर्यंत जाता येत नाही."

सूनबाई औषधाच्या दुकानात काम करते. बोलणं गोळीच्या डोसासारखं, मोजून. मी सायकल परत भिंतीला लावली आणि दुसऱ्या संशयाकडे वळले. सेल. अशक्त माणूस चुकीचं बडबडतो, तसा सेल उतरला की मीटर बडबडत असणार. नवा सेल घातला. मीटर आता जास्त ठळक अक्षरात चुकायला लागलं.

तिसरा संशयित घरातच होता. आमचे हे. निवृत्त झाल्यापासून त्यांना काही उद्योग नाही. वर्तमानपत्र वाचतात, ते संपलं की कालचं वाचतात. सायकल दिवसभर रिकामी, माणूस दिवसभर रिकामा. दोन रिकाम्या गोष्टी एका घरात किती दिवस लांब राहतील? मी सापळा रचला. सायकलीच्या सीटवर निळा खडू घासून ठेवला. दुपारी हे उठून पाणी प्यायला गेले, तर पँटच्या मागे निळा डाग!

"अहो, थांबा! वळा!"

"कशाला?"

"वळा म्हटलं ना. हा निळा डाग कसला?"

त्यांनी मान वळवून बघायचा प्रयत्न केला. स्वतःचं बूड बघणारा माणूस ही फार दयनीय गोष्ट असते. "तुझ्या खडूचा असेल. तुझा खडू घरभर असतो. परवा माझ्या भातात होता."

"तुम्ही सायकलीवर बसलात! बसल्या बसल्या चाक फिरवून मुलीचे किलोमीटर वाढवलेत!"

"चपलेचा पट्टा लावायला टेकलो क्षणभर. आणि अगं, जागेवर उभ्या सायकलीचं पायडल मारलं तर मागचं चाक फिरतं. चुंबक पुढच्या चाकाला आहे."

गुन्हेगार हुशार निघाला की पुरावा नीट गोळा करावा लागतो.

"शिवाय," ते परत खुर्चीत बसत म्हणाले, "वाढतंय ते मीटर एकाच रस्त्यावर, सगळ्यांबरोबर चालताना. मी तेव्हा घरी असतो. तू मला बघत असतेस. तू कायम मला बघत असतेस."

सुटले. पुराव्याअभावी.

चौथा संशय सरांवर होता, पाचवा संघातल्या त्या उंच मुलीच्या आईवर, जी कपड्याच्या ट्रायलला आली की आरशासमोरून हटत नाही. सहावा सायकलवाल्यावर. तिघांकडे मी स्वतः जाऊन आले. उंच मुलीच्या आईकडे तर बाही दुरुस्त केलेला कोट पोचवायच्या निमित्ताने गेले, तिच्या घरातल्या भिंतीपासून बिछान्यापर्यंत सगळ्याकडे संशयाने बघितलं, आणि तिने मला बाहीचे पैसे न मागता दिले. सरळ माणसं अशी संशय वाढवतात. सायकलवाला मात्र हात पुसत म्हणाला, "मावशी, डबी ठीक आहे, चुंबक ठीक आहे, एका फेरीला एकच मोजतंय. घेर नीट घातलाय ना?"

"घेर मी मोजलाय," मी म्हणाले.

"मग ठीक," तो म्हणाला आणि दुसऱ्या सायकलीकडे वळला. गल्लीत माझ्या मापाचं वजनच तसं आहे. त्याच्या शर्टाचं माप मीच घेते.

शुक्रवार उजाडला. भिंगरी जेवेना. तिने संघाचा टी-शर्ट धुऊन, घडी करून खुर्चीवर ठेवला होता, परत द्यायला. घडी वाकडी होती आणि मी ती सरळ केली नाही, यावरून माझी अवस्था ओळखा.

संध्याकाळी सूनबाई कामावरून आली, हात धुतले आणि म्हणाली, "आई, घेर परत एकदा मोजता का?"

"कशाला?"

"सहज."

"माझ्या मापावर संशय?"

"नाही. मला बघायचंय तुम्ही कसं मोजता ते."

शिकायची इच्छा असेल तर मी कोणाला नाही म्हणत नाही. आमचे हे चाक काढून द्यायला उठले, सूनबाईने चाक उभं धरलं, भिंगरी जमिनीवर बसली. मी गळ्यातला टेप काढला आणि चाकाभोवती गुंडाळला.

"आई," सूनबाई म्हणाली, "ही बोटं?"

"कुठली बोटं?"

"टेपच्या आत तुम्ही दोन बोटं घातलीत."

"मग? सैल नको का ठेवायला? काचेल ना!"

"कोणाला?"

मी टेप पुढे सरकवला.

"पुढे?" सूनबाई म्हणाली. "इथे टेप जुळला, आणि तुम्ही पुढे अजून मोजताय."

"ते शिवणीत जातं."

"चाकाला शिवण कुठे आहे, आई?"

"नसेना का! उद्या उसवायची वेळ आली तर?"

"आणि हे अजून इथपर्यंत?"

"ते वाढत्या अंगाचं," मी म्हणाले. "शाळेतल्या मुलीचं आहे. बरोबर मापाचं शिवलं तर सहा महिन्यांत आखूड होतं."

भिंगरी माझ्याकडे बघत होती. "आजी," ती हळूच म्हणाली, "चाक वाढतं का?"

वर्तमानपत्राच्या मागून एक आवाज आला. माणूस हसू दाबतो तेव्हा येतो तसा. हे कालचंच पान वाचत होते आणि कालच्या पानात हसण्यासारखं काही नव्हतं.

मग सूनबाईने माझा खडू घेतला, टायरवर रेघ मारली, जमिनीवर रेघ मारली, चाक सरळ एक फेरी ढकललं आणि रेघ परत खाली आली तिथे दुसरी रेघ मारली. दोन रेघांमधलं अंतर मोजलं. माझ्या मापापेक्षा जवळजवळ वीतभर कमी. तेवढंच प्रत्येक फेरीत मीटर फुकटचं मोजत होतं.

"तुला कसं कळलं?" मी तिला विचारलं.

"लग्न झाल्यापासून मी तुम्ही शिवलेलेच कपडे घालते, आई," ती म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

आता नवीन घेर मीटरमध्ये घातला की झालं, असं कोणालाही वाटेल. पण सरांनी विचारलं होतं, कोणी केलं? आणि शनिवारी सकाळी मैदानावर सगळ्या मुलींच्या आया असतात. एकूण एक माझी गिऱ्हाइकं.

"मी सांगते सरांना," सूनबाई म्हणाली.

"तू तिची आई. म्हणतील, मुलीला वाचवतेय."

"माझं नाव सांग," हे म्हणाले. वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, हे विशेष. "मी मोजलं म्हणून सांग. माझी काय पत जाणार आहे?"

मी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत एवढं चांगलं हा माणूस पहिल्यांदा बोलला होता, म्हणून थोडं हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यावर कोण विश्वास ठेवेल? टेप कुठल्या बाजूने धरतात ते तरी माहीत आहे का?"

भिंगरी नुसती खुर्चीवरच्या टी-शर्टकडे बघत होती.

सकाळी मी तिच्याबरोबर मैदानावर गेले. सर शिट्टी गळ्यात अडकवून उभे. आया कुंपणाशी घोळका करून. माझं तोंड बघून त्यांचं बोलणं थांबलं, ऐकायला.

"आजी, तुम्ही?" सर म्हणाले. "मीटर कोणी बिघडवलं ते कळलं?"

"बिघडवलं नाही. जरा सैल शिवलं."

"म्हणजे?"

मी सांगितलं. बोटांचं, शिवणीचं, वाढत्या अंगाचं. सरांचा चेहरा हळूहळू असा झाला की त्यांना खोकला काढावा लागला. कुंपणावरून उंच मुलीच्या आईचा आवाज आला, "अय्या, म्हणजे माझा कोट पण...?"

"तुमचा कोट बरोबर आहे. तुम्ही मध्येच बारीक झालात."

"आजी," सर म्हणाले, "हे या मुलींसमोर स्पष्ट व्हायला हवं. सगळ्यांनी मला तिला खोटारडी म्हणताना ऐकलंय. माप चुकलं होतं का?"

'चुकलं' हा शब्द मी दुसऱ्यांच्या मापाबद्दल आयुष्यभर वापरला आहे. माझ्या मापाबद्दल तो तोंडात कसा लागतो, ते माहीत नव्हतं. भिंगरी बुटाच्या टोकाने माती उकरत होती, मान खाली.

"चुकलं," मी म्हणाले. कुंपणापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने. "माप चुकलं. आणि ते माझं होतं, पोरीचं नाही."

सरांनी मीटरमध्ये नवा घेर घालून भिंगरीला सगळ्यांबरोबर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. सगळ्यांच्या मीटरवर एकच आकडा. "इतके दिवस कमी चालवलंस ते भरून काढायचं," ते तिला म्हणाले. "सोमवारपासून रोज चव्वेचाळीस. खरे."

तिने मान हलवली, आणि ते तोंड बघून मला कळलं की तिला सांगितलं असतं तर तिने ऐंशीही मारले असते. टी-शर्ट तिने तिथेच कपड्यांवरून चढवला. उलटा.

मी घरी येईपर्यंत ह्यांनी सायकलीवरून पुढे आलेल्या भिंगरीकडून सगळं ऐकलं होतं. खुर्चीतून म्हणाले, "म्हणजे शेवटी केस सोडवली सूनबाईने."

"सूनबाईने नुसती बोटं दाखवली," मी म्हणाले. "गुन्हेगार घरातून उचलून मैदानापर्यंत चालवत कोणी नेला? चारचौघांत त्याच्या तोंडून कबुली कोणी काढली? ही तुमची वर्तमानपत्रातली मोठमोठी पोलीस मंडळी, त्यांच्यातल्या एकाने तरी स्वतःला पकडून दिलंय का आजवर?"

त्यांनी पान उलटलं. मी ती कबुली समजले आणि केस बंद केली.