पिशवीतल्या चार हजार रोपांची वृक्षहीन जमीन

जमीन ही मुळातच अडाणी असते. आपण पुढे काय व्हायचे, हे तिचे तिला कळत नाही. ते कळावे म्हणून नियोजन कार्यालय असते, आणि त्या कार्यालयाच्या पर्यावरणपूरक विभागात मी लेखनिक आहे. आमच्याकडे हिरव्या रंगाच्या सात छटांच्या पेन्सिली आहेत (पैकी तिघींना टोक नाही).

भूखंड क्रमांक अकरावर तीस वर्षे रोपवाले काका आणि काकूंची रोपवाटिका होती. काळ्या पिशव्यांतली चार हजार रोपे, आणि मधोमध लिंबाचे एक म्हातारे झाड. काकांची सगळी कलमे याच झाडाची.

आमचे मोजणीदार तिथे पाहणीला गेले. नियमानुसार झाड म्हणजे ज्याची मुळे जमिनीत आहेत आणि खोडाचा घेर ठरलेल्या मापाचा आहे ते. पिशवीतले रोप त्यात बसेना. लिंबाचा घेर एक बोट कमी भरला. मोजणीदारांनी चेहऱ्यावरच्या फांद्या बाजूला सारत शेरा लिहिला : वृक्षहीन.

काकू म्हणाल्या, "अहो, ओरखडे उठलेत तुमच्या गालावर! आणि झाडं नाहीत म्हणता?"

"काकू, पिशवीतलं झाड म्हणजे सामान. आज इथे, उद्या तिथे."

उजाड जमीन पाहून आमच्या साहेबांचे काळीज तुटते. त्यांनी तातडीने शाश्वत विकासाचा आराखडा केला : बारा मजली चार इमारती, खाली वाहनतळ आणि वाहनतळाच्या छतावर दीड फूट मातीत घनदाट वनराई. प्रत्येक घरामागे दहा रोपे, म्हणजे एकूण चार हजार. ट्रकचा धूर कमी व्हावा म्हणून ती सर्वांत जवळच्या रोपवाटिकेतून घ्यायची होती. आम्ही अंतर मोजले. शून्य किलोमीटर निघाले.

पण रोपे प्रकल्पाच्या हद्दीबाहेरून यावीत, असाही नियम आहे (नाहीतर लागवड झाली हे सिद्ध कसे करणार?). तेव्हा काकांनी जागा सोडावी, रोपे पाच किलोमीटरवर न्यावीत, दाखला घ्यावा आणि ती पुन्हा इथेच आणून द्यावीत, असे ठरले. बाहेरची माणसे याला काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आम्ही पुरवठा साखळी म्हणतो.

काका टोपी हातात घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. "साहेब, रोपं परत येतील. आम्ही दोघं कुठे परत यायचं? आणि लिंबाचं काय? या वयात हलवलं तर जगायचं नाही ते."

साहेबांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. माणसांच्या परतीचा रकाना खरोखरच नव्हता. मला फार वाईट वाटले. त्याचाही नव्हता.

या सगळ्या जाण्यायेण्यात अकराशे रोपे जगली. उरलेली 'नैसर्गिक समायोजन' या सदरात गेली. चित्रकाराने काढलेल्या चित्रात मात्र चारही हजार टवटवीत आहेत, शिवाय दोन हरणे.

आमच्या लेखी झाड नसलेल्या लिंबाचाही निकाल लावण्याआधी कायद्याने तीस दिवस जनतेच्या हरकती मागवाव्या लागतात. आम्ही मागवल्या. एकच आली, काकांची, चार पाने, स्वतःच्या अक्षरात. ती फेटाळावी लागली, कारण त्यांचा त्यात स्वार्थ होता. ज्याचे स्वतःचे काहीच जात नाही अशा नागरिकाची एक हरकत आली असती, तरी काम थांबले असते. साहेबांनी स्वच्छ सांगितले होते, एक पुरे. तिची वाट पाहत आम्ही जेवणाच्या सुट्टीतही खिडकी उघडी ठेवली. शेवटच्या दिवशी काकू बाकावर बसून होत्या. दार वाजले की मान वर करत. पाच वाजता त्या उठल्या.

हरकत न घेणाऱ्या प्रत्येकाची संमती धरतात. चार लाख बारा हजार तीनशे पाच संमती नोंदवून सोमवारी झाड कापले.

तुम्ही म्हणाल, आम्हाला ठाऊकच नव्हते. असे कसे? सूचना वर्तमानपत्रात होती, सातव्या पानावर, शब्दकोड्याच्या अगदी शेजारी. कोडे तर तुम्ही पूर्ण सोडवलेत.