गुठळ्यांची पिठी

आमच्या मजल्यावरच्या डॉ. नलिनी सुर्वे घराचं कुलूप रोज डाव्या हाताने उघडतात आणि रोज किल्ली पाडतात. त्या डावऱ्या नाहीत. "मेंदूला तीच ती वाट दिली की तो आळसावतो, वहिनी," असं किल्ली शोधता शोधता मला सांगतात. स्टेशनवरून आमच्या इंद्रलोक सोसायटीत येतानाही रिक्षा रोज वेगळ्या रस्त्याने आणायला लावतात. रिक्षावाले आता त्यांना बघून मान फिरवतात.

त्या मेंदूच्या शास्त्रज्ञ. मेंदूचे निरनिराळे भाग एकमेकांशी कसे बोलतात, वय वाढलं की ते बोलणं कसं तुटत जातं, आणि भास घडवणारी काही औषधं दिली की त्यात काय फरक पडतो, याची स्कॅनवरची चित्रं त्या तपासतात. त्यातलं एक औषध अळंब्यांत सापडतं हे कळल्यापासून सोसायटीत त्यांचा भाव वाढलाय. खालच्या मजल्यावरचे मेहताभाई लिफ्टमध्ये हळूच म्हणाले, "मॅडम, वो मशरूम घुटने पे चलता है क्या?"

"मेहताभाई, मैं सिर्फ फोटो देखती हूँ."

"तो फोटो भेज दो."

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण माझ्या सासूबाई या बाईंवर खूश आहेत, आणि ते मला बघवत नाही.

मी घर यादीवर चालवते. आईंच्या गोळ्या, पथ्य, डोळ्यांचे थेंब, सगळं फ्रिजवर लिहिलेलं. काही चुकत नाही, त्यामुळे आईंना बोलायलाही काही उरत नाही. "ठीक आहे," म्हणतात आणि भिंतीकडे बघत बसतात. संध्याकाळी डॉक्टर वाटीतून कुळथाची पिठी घेऊन आल्या की मात्र पदर सावरून ताठ होतात.

"नलू, ही पिठी की खळ गो? पोस्टरं चिकटवायचीत?"

"काकी, गुठळ्या जातच नाहीत."

"एवढी शिकलीस नि साधं ढवळता येत नाही?"

मग बराच वेळ आरडाओरडा, आणि वर हसणं. मी आत पोळ्या लाटत ऐकत असते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आई माझ्यावर इतक्या प्रेमाने कधी ओरडल्या नाहीत.

परवा डॉक्टरांची वाटी द्यायला गेले. रिकामी कशी द्यायची म्हणून त्यात नारळाच्या वड्या घातल्या. दार उघडंच होतं. डॉक्टर गॅसपाशी उभ्या होत्या. पातेल्यात पिठी रटरटत होती, एकसारखी मऊ, कोकमाचा छान वास येत होता. आणि बाई डब्यातलं कोरडं पीठ मुठीने वरून टाकत होत्या.

"डॉक्टर, गुठळ्या होतील!"

त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "व्हायलाच हव्यात, वहिनी."

सापडल्या एकदाच्या, असं मला वाटलं. त्यांनी गॅस बारीक केला.

"माझी आई चिपळूणला भावाकडे असते. माझ्या हातचं तिला कधी पसंत पडलं नाही. मीठ, कोकम, फोडणी, सगळ्याला नावं ठेवायची. हल्ली गेले की वाटी चाटूनपुसून खाते आणि म्हणते, 'छान झालंय हो. तुम्ही कोणाकडच्या?'"

मी विचारलं, "तुमच्या त्या औषधांनी काही...?"

"अजून कोणालाच नीट माहीत नाही. कळेल पुढे. तिच्या वेळेत नाही कळायचं."

पिठीची वाटी घेऊन त्या माझ्यामागोमाग आमच्याकडे आल्या. आईंनी चमचाभर तोंडात घातली आणि सुरू झाल्या. "कोणी शिकवलंन गो तुला?"

"आईने."

"मग फोन कर की तिला! विचार कुठे चुकतंय."

डॉक्टर वाटीची कड बोटाने पुसू लागल्या.

खरं सांगायला माझं एक वाक्य पुरलं असतं. ही रोजची मैफल तिथेच मोडली असती. ते वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

"फोनवर काय कळणार, आई," मी म्हटलं. "तुम्हीच रोज चाखून बघा. लवकर सुधारेलसं काही दिसत नाही मला."

"ही कसली सुधारतेय!" आई आनंदाने म्हणाल्या, आणि डॉक्टरांच्या पाठीत एक धपाटा घातला.

असा धपाटा मला अजून मिळालेला नाही.